तालुक्याच्या कोर्टातून राज्याच्या राजकारणात जाता येतं का?

प्रश्न एका तरुण वकिलाचा आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. वय ३१, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सहा वर्षांची प्रॅक्टिस, घरी आठ एकर कोरडवाहू, राजकारणात कुणी नाही. एका पक्षाने तालुकाध्यक्षपद देऊ केलंय. या वकिलाचं म्हणणं असं: 'वसंतराव नाईक पुसदला वकिली करत होते आणि पुढे अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिले. तशी वाट आज आहे का? की आधी दहा वर्षं प्रॅक्टिस जमवू आणि मग बघू?'

मी २७ वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात उभा राहतोय. त्यातली अकरा वर्षं एका पक्षाचा जिल्हा सरचिटणीस होतो, आणि एकदा नगरपालिकेला उभा राहून ६१ मतांनी पडलो. म्हणजे तुम्ही विचारताय त्या वाटेवर मी अर्ध्यापर्यंतच गेलोय. पुढे गेलेले मात्र जवळून पाहिलेत, आणि परत फिरलेले त्याहून जास्त.

'आधी प्रॅक्टिस की आधी पक्ष' हा प्रश्न बाररूममध्ये चहासोबत दर महिन्याला निघतो. त्यात फारसा अर्थ नाही. पक्षाला वकिलाकडून काय हवं असतं, आणि ते देता देता माणूस वर जातो की तालुक्यातच झिजतो, हे तुम्ही विचारायला हवं होतं. मी त्याचं उत्तर देतो.

तुम्ही वसंतरावांचं नाव घेतलंत, तर ते प्रकरण नीट उघडू. गहुली हा पुसद तालुक्यातला बंजारा तांडा. वडील फुलसिंग तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्यातली भांडणं त्यांच्यापुढे मिटायची. वसंतराव नागपूरला शिकले, १९४० मध्ये वकील झाले. वकिलीची उमेदवारी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली, मग पुसदला स्वतःचं बिऱ्हाड आणि स्वतःची वकिली. १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष. १९५२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले, कारण तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता आणि राजधानी होती नागपूर. लगेच महसूल खात्याचे उपमंत्री. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा सहकार, पुढे कृषी, १९६० मध्ये महाराष्ट्राचे महसूलमंत्री. तेव्हाचे मुख्यमंत्री कन्नमवार वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री.

आता यातली वकिली मोजा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यापासून नगराध्यक्ष होईपर्यंत सहा वर्षं. तुमची आत्ता झाली आहेत तेवढीच. नामांकित वकील म्हणून नाव व्हायला आपल्याकडे पंधरा वर्षं लागतात, तेवढं थांबायला ते राहिलेच नाहीत. यशवंतराव चव्हाणांचं याहून कमी. त्यांचे वडील कोर्टात बेलीफ होते, म्हणजे समन्स-वॉरंट घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. त्या बेलीफाचा मुलगा १९४१ मध्ये एलएल.बी. झाला, कऱ्हाडला वकिली सुरू केली, आणि बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाला. १९४६ मध्ये निवडून येऊन संसदीय सचिव, १९४८ मध्ये प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस. कऱ्हाडच्या कोर्टात त्यांची वकिली बहरायला वेळच मिळाला नाही.

तेव्हा 'आधी दहा वर्षं प्रॅक्टिस जमवू' या बेताला निदान ही उदाहरणं तरी आधार देत नाहीत. उलट माझा अनुभव असा की दहा वर्षांत प्रॅक्टिस खरंच जमली तर माणूस सोडत नाही. मुलांच्या शाळा, घराचा हप्ता, जिल्ह्याला घेतलेला प्लॉट. माझ्या बरोबरीच्या चौघांनी 'पंचेचाळिशीत राजकारणात जाऊ' असं ठरवलं होतं. चौघेही आजही सकाळी अकराला बोर्डावर आपला नंबर बघत उभे असतात, आणि मजेत आहेत.

पण वसंतरावांची गोष्ट इथे संपवली तर तुम्ही चुकीचा धडा घेऊन जाल. त्यांना सीनियर कोण मिळाला ते बघा. पंजाबराव बॅरिस्टर होते, शिक्षणसंस्था उभी केलेले होते, शेतकऱ्यांचे पुढारी होते, पुढे दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री राहिले. अशा माणसाच्या हाताखाली ज्युनियर काय शिकत असेल? नुसतं मुदतीचे अर्ज देणं नक्कीच नाही. आपल्या ऑफिसात माणसं कशासाठी येतात आणि रिकाम्या हाताने का परततात, हे तिथे कळतं. आणि वसंतरावांना पुढे मिळालेली खाती बघा: महसूल, सहकार, कृषी, परत महसूल. तालुक्याच्या वकिलाकडे सोमवारी बाजारच्या दिवशी जी माणसं येतात, त्यांची दुखणी याच तीन खात्यांतली. सातबारा, वारस नोंद, सावकार, सोसायटीचं कर्ज. आजही माझ्या दहातली सात कामं तीच.

आणि आता एक तपशील, जो नाईकांच्या जयंतीच्या भाषणांत फारसा येत नाही, पण वकिलाने पाठ करावा असा आहे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये पंचायत राज्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष महसूलमंत्री वसंतराव नाईक. १९६१ मध्ये २२६ शिफारशींचा अहवाल आला. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीला जास्त बळ द्यायला सांगितलं होतं, नाईक समितीने जिल्हा परिषद भक्कम केली. त्यावर कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढच्या दोन पिढ्यांचे पुढारी याच शिडीने वर चढले. पुण्याला कायदा शिकून बाभळगावला परतलेले विलासराव देशमुख सरपंच झाले, लातूर पंचायत समितीचे उपसभापती झाले, युवक काँग्रेसचं जिल्हाध्यक्षपद केलं, १९८० मध्ये आमदार. १९९५ मध्ये लातुरातच पडले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. पुसदच्या वकिलाने आखलेल्या पायऱ्या बाभळगावच्या वकिलाला कामी आल्या, असं मी माझ्या ज्युनियर्सना सांगतो. त्यांना ते फारसं रुचत नाही, त्यांना विलासरावांची भाषणं आवडतात.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. लोक समजतात, वकील बोलतो चांगला म्हणून राजकारणात चालतो. बोलणाऱ्यांची टंचाई कुठल्याच पक्षात नसते. टंचाई असते कागद करणाऱ्यांची. ठरावाचा मसुदा, हरकतीचा अर्ज, प्रभागरचनेवर आक्षेप, उमेदवाराचं शपथपत्र, सभासदांची यादी, खर्चाचा हिशोब. हे जो बिनचूक आणि वेळेत करतो त्याच्यावाचून आधी तालुक्याचं, मग जिल्ह्याचं अडायला लागतं.

माझी जिल्ह्यात ओळख कशी झाली ते सांगतो. एका वर्षी कापसाच्या भावावरून आमच्या जिल्ह्यात रास्ता रोको झाले. प्रत्येक तालुक्यात पोलिसांनी जमावबंदी मोडल्याचे, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ चे गुन्हे दाखल केले, कुठे रस्ता अडवल्याचं कलमही लावलं. पाच-सहाशे कार्यकर्ते आरोपी. नेत्यांचे फोटो छापून आले आणि नेते मुंबईला गेले. मागे उरल्या तारखा. मी एक रजिस्टर केलं. तालुका, गुन्हा नंबर, केस नंबर, आरोपींची नावं, पुढची तारीख. दर आठवड्याला त्या त्या तालुक्याच्या ओळखीच्या वकिलाला फोन. कुणाची गैरहजेरी लागून वॉरंट निघू द्यायचं नाही, एवढं एकच पथ्य. फी शून्य, बॉण्डवरची तिकिटं बऱ्याचदा खिशातून. चार वर्षांनी त्यातल्या बऱ्याच केसेस सरकारने मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा प्रत्येक कोर्टात सरकारी वकिलाच्या अर्जासोबत जोडायला लागणारी यादी जिल्ह्यात फक्त माझ्याकडे होती. सरचिटणीसपद मला त्या रजिस्टरमुळे मिळालं. मी तोवर व्यासपीठावर एकदाही तीन मिनिटांपेक्षा जास्त बोललो नव्हतो.

दुसरा प्रसंग उलटा आहे, आणि त्यात चूक माझीही आहे. विधानसभेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीनला मुदत संपते. आमच्या उमेदवाराचा बी फॉर्म, म्हणजे तो पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, मुंबईहून येणार होता, तो गाडीत अडकला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी जो कागद आला ती रंगीत झेरॉक्स निघाली. सही शाईची असावी लागते, हे निवडणूक अधिकाऱ्याला माहीत होतं आणि मलाही. मी फक्त एक गोष्ट केली नव्हती. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला मतदारसंघातले दहा लागतात. आमच्या अर्जावर एकच सूचक होता. बी फॉर्म धरला नाही, तर तो अर्ज अपक्षाचा ठरतो, आणि अपक्षाचा म्हणून तो अपुरा. दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज बाद झाला. तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर उमेदवाराची आई बसून होती, ती मला एवढंच म्हणाली, 'तुम्ही तर वकील ना?' त्यानंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक उमेदवाराचा एक संच दहा सूचकांचा असतो. एका उमेदवाराला अर्जाचे चार संच भरता येतात, एक असा ठेवायला काय जातं? या एका सवयीने नंतर दोन उमेदवार वाचले, आणि त्यातला एक आमचा नव्हता, शेजारच्या पक्षाचा होता. त्याच्या वकिलाने आदल्या दिवशी फोन करून विचारलं, मी सांगितलं.

ग्रामपंचायतीची कामंही याच हिशोबात धरा. दोनपेक्षा जास्त अपत्यं, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, थकलेली घरपट्टी, जात पडताळणी. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली सरपंच-सदस्यांच्या अपात्रतेचे अर्ज कलेक्टरकडे सतत चालू असतात. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरच्या माणसाने केलेलं अतिक्रमणही सदस्याच्या अंगावर येतं असं धरलं, तेव्हापासून तर जास्तच. निवडणूक अर्जाला निकालापासून पंधरा दिवसांची मुदत, आणि तो चालतो तुमच्याच कोर्टात, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे. ही कामं करणारा वकील शंभर गावांचं अंतरंग ओळखतो. कुठल्या गावात कुणाचं कुणाशी का वाकडं आहे, हे त्याला सर्व्हेवाल्यांपेक्षा आधी कळतं.

पण याच कामाला एक काटा आहे. दिवाणी दाव्यात तुम्ही एका भावाचे वकील झालात की दुसरा भाऊ, त्याची सोयरीक आणि त्याची गल्ली गेली. माझी ६१ मतं कुठे गेली ते मला आजही घरनिहाय सांगता येईल. एका वाटणीच्या दाव्यात मी प्रतिवादीला बारा वर्षं लटकवलं होतं, तो वॉर्ड नेमका माझाच. राजकारणात जायचंच असेल तर आतापासून गावातल्या भाऊबंदकीचे दावे कमी घ्या, जमलं तर तडजोडीला बसवा. उत्पन्न घटेल, ते धरूनच चाला.

आतापर्यंतचं थोडक्यात: प्रॅक्टिस जमण्याची वाट बघू नका, पण कोर्टातली सवय सोडू नका. तिचा उपयोग भाषणात कमी, संघटनेच्या कागदात जास्त.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. इथे मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही.

वसंतरावांना पुसदची नगरपालिका मिळाली. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाणही कायदा शिकलेले, आणि नांदेडचे नगराध्यक्ष होते. लहान गावातल्या वकिलाला आधी नगरपालिका हीच नैसर्गिक पायरी. तुमच्या पिढीची ती पायरीच काही वर्षं गायब होती. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या, नगरपालिका-जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा गाडी हलली. वयाच्या सत्ताविशीत नगरसेवक होऊ शकले असते अशी पोरं बत्तिशीची झाली. त्यात आरक्षणाची सोडत. पाच वर्षं एका प्रभागात नाल्या मोजाव्यात आणि चिठ्ठीत तो महिलांसाठी राखीव निघावा, हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. म्हणून एकाच प्रभागात जीव गुंतवू नका. ज्यांचं काम तालुकाभर असतं त्यांना सोडत तेवढी मारत नाही.

पैशाचं सरळ सांगतो. तुमच्या आठ एकरांत आणि सहा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये विधानसभा लढवता येत नाही. संघटनेतलं पद मात्र सांभाळता येतं, खर्चाला मर्यादा घातली तर. मी घातली नव्हती. सरचिटणीस असताना तिसऱ्या वर्षी माझ्या हिशोबाच्या वहीत डिझेल आणि जेवणावळी मिळून वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा निघाला. ती वही बायकोच्या हाती लागली, मग मर्यादा आपोआप आली.

आणि अगदी वरचं टोक. राज्याचा पक्षनेता लोक निवडत नाहीत, बहुतेक पक्षांत तो वरून नेमला जातो. तिथे विभाग, जात, त्या घडीला कोण कुणाला नको आहे, हे सगळं येतं. वसंतरावांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. तीन वर्षांच्या आत, २० फेब्रुवारी १९७५ ला, त्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि तो निर्णय मुंबईत झाला नव्हता. २२२ आमदारांच्या नेत्याची ही गत, तर तुम्ही-आम्ही त्या टोकाचं वेळापत्रक आखू नये. जिल्ह्यापर्यंतचं आखता येतं. त्यापुढचं ज्याला मिळतं त्याला मिळतं.

पक्षाचं पद घेतलं तर वकिलीच्या सनदेचं काय, ही कायद्याची शंकाही तुम्ही ओझरती काढलीत. पक्षाचं पद पगारी नसेल तर सनदेला धक्का नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. उद्या आमदार झालात तरी वकिली करता येते, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो प्रश्न निकाली काढलाय.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणार. सरकारी वकिलाच्या पॅनेलवर नाव लागेल, या आशेने अनेक तरुण वकील पक्षात येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, घर चालवायचं असतं. फक्त स्वतःशी कबूल करा. पॅनेल हवं असेल तर पक्षाचं मोठं पद घेऊ नका, कारण सरकार बदललं की पहिली यादी तुमच्यासारख्यांची कापली जाते. आणि नेतृत्व हवं असेल तर पॅनेल मागू नका. ज्या कार्यकर्त्यांचे जामीन तुम्ही करायचे, त्यांच्याच विरुद्ध तुम्ही सरकारतर्फे उभे असाल.

तर तालुकाध्यक्षपद घ्यावं का? मी असतो तर आत्ता घेतलं नसतं. तालुकाध्यक्ष म्हणजे नेत्याच्या दौऱ्याला गाड्या जमवणारा माणूस, निदान पहिली दोन वर्षं. वर्षात चाळीस तारखांना तुम्ही गैरहजर राहाल, पक्षकार जातील आणि हातात फ्लेक्स उरतील. त्याऐवजी त्यांना सांगा, मला जिल्ह्याच्या विधी विभागाचं किंवा निवडणूक कामाचं काम द्या, पद छोटं चालेल. बहुतेक जण हसून मान्य करतील, कारण ते काम कुणालाच नको असतं. एक निवडणूक ते करा. अर्ज, छाननी, मतमोजणीचे प्रतिनिधी, निकालानंतरचे अर्ज, सगळं. त्यानंतर तालुकाध्यक्षपद पुन्हा चालून आलं तर तेव्हा घ्या, तोवर बाकीच्या तालुक्यांत तुमचा नंबर सेव्ह झालेला असेल.

याला अपवाद एकच. तुमच्या तालुक्यात पक्षाचा आमदार नसेल आणि संघटना मोडकळीला आलेली असेल, तर पद आत्ताच घ्या. तिथे गाड्या जमवायला सांगणाराच कुणी नसतो, आणि सभासद नोंदणीपासून सगळं तुमच्या हाताने होतं. नेमकी परिस्थिती तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून दोन्ही सांगितलं.

आणि पद कुठलंही घेतलंत तरी ऑफिसबाहेरच्या पाटीवर ते लिहू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे पाटीवर नाव आणि शिक्षण, संघटनेतलं पद नाही. माझ्या पाटीवर ते सात महिने होतं. काढायला लावलं ते विरोधी पक्षाच्या वकिलाने, भर बाररूममध्ये, हातात नियमांचं पुस्तक घेऊन. पुढच्या निवडणुकीला छाननीत माझ्यासमोर तोच उभा होता, आणि त्याच्या चारही संचांवर दहा-दहा सूचक होते.